टीव्हीच्या डाँगलमध्ये दडलेला रेडिओ

पेनड्राइव्हएवढ्या आकाराचा, एका टोकाला यूएसबीची जोडणी आणि दुसऱ्या टोकाला अँटेनाची केबल बसवण्याचे बारीकसे भोक असलेला टीव्ही डाँगल हे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विपुल खपलेले एक स्वस्त उपकरण होते. खिडकीतल्या किंवा छपरावरच्या अँटेनाने पकडलेले डिजिटल दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण संगणकाच्या पडद्यावर दाखवणे आणि फार तर एफएम रेडिओ ऐकवणे, एवढेच काम त्याच्याकडून अपेक्षित होते आणि वेष्टनावरही तेवढेच छापलेले असे. २०१२ साली मात्र असे उघड झाले की, रिअलटेक कंपनीची ‘आरटीएल२८३२यू’ ही चिप असलेल्या डाँगलला चालवणारा प्रोग्राम बदलला, तर त्यातील ट्यूनरनुसार सुमारे २४ पासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंतच्या रेडिओ लहरी तो संगणकात आणून देऊ शकतो. एफएम केंद्रे, विमानांचे स्थानसंदेश, हवामान उपग्रहांची चित्रे आणि थोडी अधिक खटपट केल्यास आकाशगंगेतील हायड्रोजन वायूची लहर, हे सारे वीसेक डॉलरच्या त्या तुकड्यातून मिळू लागले. तंत्राची हौस असणाऱ्यांना हा चमत्कारच वाटला. पण त्याच्या मुळाशी चिप बनवणाऱ्यांनी केलेली एक साधी काटकसर होती, आणि ती काटकसर नीट समजून घेतली तर शिकणाऱ्याच्या हाती कसे उपकरण पडावे, या प्रश्नाचेही उत्तर मिळते.

कोणत्याही दूरचित्रवाणी संचाचे पहिले काम निवडीचे असते. अँटेनावर एकाच वेळी असंख्य प्रक्षेपणांच्या लहरी येऊन आदळत असतात आणि त्यांची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, निरनिराळी असते. सेकंदाला दहा लाख कंपने म्हणजे एक मेगाहर्ट्झ. या गर्दीतून हवे ते प्रक्षेपण वेगळे काढणाऱ्या भागाला ट्यूनर म्हणतात. इतक्या वेगवान लहरींवर थेट काम करणे अवघड असल्यामुळे ट्यूनर स्वतः एक लहर निर्माण करून ती आलेल्या लहरीत मिसळतो. तंबोऱ्याच्या दोन तारा सुरात जवळजवळ, पण पूर्ण जुळलेल्या नसल्या की त्यांच्या वारंवारतांतील फरकाइतका संथ हेलकावा ऐकू येतो. ट्यूनरमध्येही काहीसे तसेच होऊन दोन लहरींच्या फरकाएवढ्या वारंवारतेची, तुलनेने संथ लहर मिळते आणि मूळ लहरीवर चढवलेली माहिती तिच्यात शाबूत राहते. अमेरिकन अभियंता एडविन आर्मस्ट्राँग याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बसवलेली ही पद्धत शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. डाँगलमधील ‘आर८२०टी’ हा ट्यूनर आपल्या लहरीची वारंवारता संगणकाच्या आज्ञेनुसार बदलतो आणि त्याचा पल्ला टीव्ही वाहिन्यांच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बराच पुढे गेलेला असतो.

दुसरे काम त्याहून पुष्कळ गुंतागुंतीचे असते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हाचे प्रक्षेपण अॅनालॉग होते, म्हणजे चित्रातील उजळपणा जसा कमी-अधिक होईल तशीच लहरीची ताकदही बदलत असे. या पद्धतीत चित्राची एक आडवी ओळ ६४ मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांपैकी चौसष्ट भागांत, पाठवली जाई आणि त्यांतील सुमारे ५२ मायक्रोसेकंदांचा भाग पडद्यावर दिसे. उंच इमारतीवर आपटून आलेली लहर सरळ आलेल्या लहरीपेक्षा दीड किलोमीटर जास्त चालली, तर ती ५ मायक्रोसेकंद उशिरा पोहोचे. परिणामी ५० सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर मूळ चित्राच्या उजवीकडे जवळपास ५ सेंटिमीटरांवर त्याच चित्राची फिकट प्रत उमटे. अँटेना फिरवून फिरवून घरोघरी जो त्रास कमी करण्याची धडपड चाले, त्याचे गणित एवढेच होते. डिजिटल प्रक्षेपणात या अडचणीवर फार देखणा उपाय आहे. एका लहरीवर माहितीचा वेगवान प्रवाह लादण्याऐवजी तो हजारो लहरींवर वाटला जातो, त्यामुळे प्रत्येक लहरीला आपला वाटा सावकाश पोहोचवण्यास सवड मिळते. डीव्हीबी-टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युरोपीय मानकाच्या एका प्रकारात ८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीत ६८१७ लहरी एकमेकींना धक्का न लावता शेजारी शेजारी नांदतात, प्रत्येक चिन्ह, म्हणजे एका वेळी पाठवलेला माहितीचा तुकडा, ८९६ मायक्रोसेकंद टिकते आणि त्याच्याआधी २२४ मायक्रोसेकंदांपर्यंतचा राखीव काळ ठेवता येतो. एवढ्या काळात प्रकाश ६७ किलोमीटर जातो. तेव्हा इमारतींवरून आलेले प्रतिध्वनी त्या राखीव काळातच विरून जातात आणि चित्राला धक्का लागत नाही.

हा उपाय जितका देखणा, तितकाच आकडेमोडीला जड आहे. आलेल्या लहरीचे सेकंदाला लक्षावधी वेळा मोजमाप घ्यायचे, त्यातून ६८१७ लहरी गणिताने वेगळ्या करायच्या, त्यांवरील माहिती वाचायची आणि वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करायच्या, हे काम त्या काळच्या घरगुती संगणकावर सोपवणे व्यवहार्य नव्हते. म्हणून ‘आरटीएल२८३२यू’मध्ये हे सारे गणित सिलिकॉनमध्येच कोरलेले आहे, चिप स्वतः सर्व काम उरकते आणि संगणकाला तयार चित्रप्रवाह देते. पण डाँगल विकणाऱ्यांना वेष्टनावर टीव्हीबरोबर एफएम रेडिओही छापायचा होता. एफएमचे एक केंद्र सुमारे २०० किलोहर्ट्झ, म्हणजे टीव्ही वाहिनीच्या चाळिसाव्या भागाएवढीच जागा व्यापते आणि त्याची उकल संगणक सहज करू शकतो. त्यासाठी चिपमध्ये वेगळे मंडल कोरून खर्च वाढवण्यापेक्षा घेतलेली मोजमापे जशीच्या तशी संगणकाकडे ढकलावीत आणि पुढचे काम प्रोग्रामवर सोडावे, असा मार्ग निवडला गेला. चिपने अर्धवट सोडलेले हे काम म्हणजेच ती काटकसर होय, आणि पुढचा सारा इतिहास त्या अर्धवटपणातून घडला.

हे लक्षात येण्यास काही काळ जावा लागला. डाँगलबरोबर मिळणारा प्रोग्राम एफएम लावत असताना यूएसबीच्या तारेतून नेमके काय वाहते, याची पाहणी एरिक फ्राय याने २०१० मध्ये केली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये अंत्ती पालोसारी या फिनलंडमधील प्रोग्रामरने, जो लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीसाठी टीव्ही उपकरणांचे ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणे चालवणारे प्रोग्राम, लिहीत असे, एफएम चालू असताना चिप कच्ची मोजमापे देते हे दाखवून दिले. मोबाइल संदेशवहनाची खुली साधने तयार करणाऱ्या ऑस्मोकॉम या गटातील स्टीव्ह मार्कग्राफ व त्याच्या सहकाऱ्यांनी त्यावरून असा ड्रायव्हर लिहिला की, ट्यूनर कोणत्याही वारंवारतेवर नेऊन तिथली मोजमापे मिळवता यावीत. चिपमध्ये एक कणही बदललेला नव्हता. तिला काय सांगायचे, एवढेच बदलले होते.

या मोजमापांना नमुने म्हणतात आणि त्यांचे स्वरूप समजून घेण्याजोगे आहे. लहरीची एका क्षणीची उंची मोजली, तर ती चढते आहे की उतरते आहे हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. म्हणून पाव कंपनाच्या अंतराने सरकवलेल्या दोन संदर्भ-लहरींशी तुलना करून प्रत्येक क्षणी दोन आकडे नोंदवले जातात. या दोन आकड्यांवरून लहरीची ताकद आणि ती आपल्या कंपनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, या दोन्ही गोष्टी मिळतात. डाँगल सेकंदाला २४ लाख जोड्या न गळता देऊ शकतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांपैकी एक असतो. सेकंदाला ४८ लाख बाइट, एवढाच हा ओघ. एफएमचा आवाज त्यातून कसा निघतो, हे पाहिले की सारी युक्ती हातात येते. एफएममध्ये आवाजानुसार लहरीची वारंवारता किंचित पुढे-मागे होते. वारंवारता म्हणजे टप्पा बदलण्याचा वेग. म्हणून लागोपाठच्या दोन नमुन्यांच्या टप्प्यांतील फरक काढत गेले की तो फरक हाच आवाज असतो. ज्या कामासाठी एके काळी कॉइल, डायोड आणि नाजूक जुळवणी लागे, ते शाळेतील त्रिकोणमिती आणि दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम एवढ्यावर होते. अशा प्रोग्रामांच्या खिडकीत २४ लाख नमुन्यांचे वारंवारतेनुसार विभाजन करून काढलेला आलेख सरकत राहतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरात एफएमच्या पट्ट्यावर ठेवलेल्या डाँगलला एकाच वेळी शेजारशेजारची अनेक केंद्रे उभ्या उजळ पट्ट्यांच्या रूपात दिसतात.

रेडिओचे काम तारा-मंडलांऐवजी प्रोग्रामने करावे हा विचार डाँगलच्या बराच आधीचा आहे. सॉफ्टवेअर रेडिओ ही संज्ञा अमेरिकन अभियंता जोसेफ मिटोला याने १९९० च्या दशकाच्या आरंभी रूढ केली. २००१ मध्ये एरिक ब्लॉसम याने जॉन गिलमोर याच्या आर्थिक साहाय्याने ग्नू रेडिओ हा खुला प्रकल्प सुरू केला आणि त्याच्या पहिल्या महत्त्वाकांक्षी कामांपैकी एक होते ते अमेरिकेतील डिजिटल टीव्ही प्रक्षेपण पूर्णतः प्रोग्रामने वाचण्याचे. त्यामागे तंत्राइतकीच तत्त्वाची बाजू होती. टीव्ही संचांनी प्रक्षेपणातील एक खूण वाचून कार्यक्रमाची नक्कल करण्यावर निर्बंध घालावेत, असा नियम तेथील संघीय दळणवळण आयोगाने २००३ मध्ये केला होता. लहरींवरचे प्रक्षेपण कोणीही साध्या संगणकावर वाचू शकतो हे सिद्ध झाले, की त्या नियमाची व्यर्थता आपोआप दिसणार होती. न्यायालयाने मे २००५ मध्ये तो नियम आयोगाच्या अधिकाराबाहेरचा ठरवून रद्द केला. मात्र या प्रयोगांसाठी लागणारी यंत्रसामग्री कित्येक शे डॉलरांची असल्यामुळे ती प्रयोगशाळा आणि मोजके जाणकार यांच्यापुरती राहिली. डाँगलने तीच गोष्ट विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी केली.

भारतात या कथेला एक वेगळे वळण आहे. दूरदर्शनने जमिनीवरील डिजिटल प्रक्षेपणासाठी डीव्हीबी-टी२ हे नंतरचे मानक स्वीकारले आणि मुंबईसह काही शहरांत ते २०१६ मध्ये सुरू केले. या मानकातील चुका दुरुस्त करण्याचे गणित वेगळे असल्यामुळे जुन्या मानकाचे गणित सिलिकॉनमध्ये कोरलेली ही चिप त्याचे चित्र दाखवू शकत नाही. म्हणजे टीव्ही डाँगल या नावाने विकली गेलेली ही वस्तू महाराष्ट्रात टीव्ही म्हणून निरुपयोगी, आणि तरीही रेडिओ म्हणून पूर्ण उपयोगी. चिपने जे काम स्वतःकडे ठेवले ते मानकाबरोबर कालबाह्य झाले; जे काम तिने संगणकावर सोडले ते मात्र प्रत्येक नव्या प्रोग्रामसरशी नवे होत गेले. गॅजेटांची निवड करताना वेग, स्मृती आणि पडद्याची लांबी-रुंदी यांची चर्चा होते. उपकरण आपल्या आतला कच्चा माल मालकाच्या हाती देते की नाही, हा गुण क्वचितच कोणी तपासतो, आणि शिकू पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे. याच्या नेमके उलट उदाहरण प्रत्येकाच्या खिशात असू शकते. अनेक मोबाइलमधील चिपमध्ये एफएम ऐकण्याची सोय असते, पण उत्पादक ती बंद ठेवतात. आपत्तीच्या वेळी इंटरनेट नसताना रेडिओ उपयोगी पडतो म्हणून ही सोय बंद ठेवू नये, अशी सूचना केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला एप्रिल २०२३ मध्ये उत्पादकांच्या संघटनांना करावी लागली. असलेली क्षमता झाकून ठेवणारी महागडी वस्तू आणि न सांगितलेली क्षमता उघडी करून देणारी स्वस्त वस्तू यांत हौशी माणसाने दुसरी निवडावी, हे उघड आहे.

स्वस्ताईच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. २५६ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर अतिशय प्रबळ आणि अतिशय क्षीण अशा दोन लहरी एकदम मोजता येत नाहीत. शहरात शेजारच्या टेकडीवरचे एफएम प्रक्षेपण इतके जोरदार असते की ट्यूनर गुदमरतो आणि जिथे काहीच नाही तिथेही त्या केंद्राच्या खोट्या प्रती दिसू लागतात. त्यावर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा अडवणारी गाळणी बसवावी लागते. दुसरा दोष घड्याळाचा. डाँगलमधील सारे कालमापन २८.८ मेगाहर्ट्झच्या एका क्वार्ट्‌झ स्फटिकावर चालते आणि साध्या स्फटिकात दहा लाखांत पन्नास भागांपर्यंत चूक आढळू शकते. विमानांचे संदेश येतात त्या १०९० मेगाहर्ट्झवर ती ५४.५ किलोहर्ट्झ होते आणि डाँगल तापत जाईल तशी बदलतही राहते. हौशी मंडळींचा हा उद्योग वाढल्यावर याच चिपचे, पण तापमानाची भरपाई करणारा स्फटिक आणि धातूचे आवरण असलेले डाँगल खास या कामासाठी तयार होऊ लागले.

हवामान उपग्रहांची चित्रे हा या छंदातील सर्वांत लोभसवाणा भाग म्हणावा लागेल. उपग्रहाने खालची पट्टी टिपताच ती लगेच खाली पाठवावी आणि ज्याच्याकडे साधा रेडिओ आहे त्याला ती घेता यावी, ही पद्धत डिसेंबर १९६३ मध्ये सोडलेल्या टायरॉस-८ या अमेरिकन उपग्रहापासून सुरू झाली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या निमित्ताने त्या दशकात मुंबईत जे हवामान केंद्र उभे राहिले, तेथेही ही चित्रे उतरवून घेतली जात. पुढे नोआ-१५, नोआ-१८ आणि नोआ-१९ या उपग्रहांनी हीच परंपरा १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालवली. सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवरून जाणारा उपग्रह सेकंदाला दोन ओळी पाठवी, प्रत्येक ओळीत २०८० ठिपके असत आणि त्यांत दृश्य प्रकाशातील व अवरक्त किरणांतील अशा दोन चित्रांची ओळ शेजारी शेजारी मांडलेली असे. या संदेशाची घडण जुन्या टीव्हीच्या इतकी जवळची होती की, ठिपक्याचा उजळपणा म्हणजे एका सुराचा चढ-उतार, एवढे समजले की चित्र लावता येई.

त्यासाठी लागणारी अँटेना घरी बनवता येते आणि तिच्यात प्रत्येक मापाला कारण आहे. १३७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी २.१९ मीटर असते. तिच्या चौथ्या भागाहून किंचित कमी, म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटर लांबीच्या अॅल्युमिनियमच्या दोन काड्या घ्यायच्या, वायरिंगमध्ये वापरतात तसल्या स्क्रूच्या प्लास्टिक पट्टीत त्या शेजारी शेजारी आवळायच्या, केबलची मधली तार एका काडीला व भोवतीची जाळी दुसरीला जोडायची आणि दोन्ही काड्या १२० अंशांच्या कोनात उघडून जमिनीला समांतर ठेवायच्या. उपग्रह ध्रुवांवरून फिरत असल्यामुळे तो दक्षिणेकडून उत्तरेकडे किंवा उलट जातो, म्हणून इंग्रजी ‘व्ही’सारखी दिसणारी ही अँटेना उत्तर-दक्षिण रोखायची. आडवी असल्यामुळे जमिनीवरून येणारी, बहुतांशी उभी कंपणारी एफएमची लहर तिला कमी त्रास देते. उपग्रह क्षितिजावर येताना लहर सुमारे ३ किलोहर्ट्झ वरच्या बाजूला सरकलेली दिसते, डोक्यावर येईतो मूळ ठिकाणी येते आणि मावळताना तेवढीच खाली जाते. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीला लागू होणारा डॉप्लरचा नियमच सरकत्या आलेखावर लांबट वळणाच्या रूपात उमटतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील आकृतीपेक्षा हे वळण विद्यार्थ्याला अधिक पटते, कारण ते त्याच्या गच्चीवर घडलेले असते.

नोआ-१८ ची सेवा जून २०२५ मध्ये आणि उरलेल्या दोघांची ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवण्यात आली, आणि साठ वर्षांहून अधिक चाललेल्या या साध्या पद्धतीचा काळ संपला. छंद मात्र थांबला नाही. रशियाचे २०२३ मध्ये सोडलेले मेटिऑर-एम २-३ आणि २०२४ मधील २-४ हे उपग्रह जवळपास त्याच वारंवारतेवर, पण डिजिटल रूपात आणि अधिक बारकाईने चित्रे पाठवतात. त्यांचा संदेश सेकंदाला ७२ हजार चिन्हांचा असतो व त्यात चुका दुरुस्त करण्याची भक्कम तरतूद असते; हे सारे वाचण्यासाठी तीच अँटेना आणि तोच डाँगल चालतो, फक्त प्रोग्राम दुसरा लागतो.

विमानांचे संदेश ऐकण्यात गणिताची वेगळीच मजा आहे. आधुनिक प्रवासी विमान आपली ओळख, उंची, वेग आणि उपग्रहांच्या आधारे काढलेले स्थान १०९० मेगाहर्ट्झवर उघडपणे पुकारत असते. संदेश ११२ बिटांचा आणि त्याआधीचा सावधान करणारा भाग ८ मायक्रोसेकंदांचा. सगळे मिळून १२० मायक्रोसेकंद. प्रत्येक बिटाला एक मायक्रोसेकंद मिळतो व त्याच्या पहिल्या अर्ध्यात स्पंद असेल तर एक, दुसऱ्या अर्ध्यात असेल तर शून्य. डाँगल सेकंदाला २० लाख नमुने घेत असेल, तर प्रत्येक अर्ध्याला बरोबर एक नमुना येतो. याहून कमी वेगात काम भागलेच नसते. इटलीतील प्रोग्रामर साल्व्हातोरे सानफिलिप्पो याने २०१२ मध्येच लिहिलेला ‘डम्प१०९०’ हा प्रोग्राम याच हिशेबावर बेतलेला होता. या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे १० किलोमीटर उंचीवरचे विमान सपाट मुलखात सुमारे ४०० किलोमीटरांवरूनही ऐकू येते. पण कोकणात, दहा किलोमीटरांवर एक किलोमीटर उंचीचा सह्याद्री उभा असेल अशा गावात, पूर्वेकडील त्याच उंचीची विमाने साधारण शंभर किलोमीटरांपलीकडे दिसेनाशी होतात. काही आठवड्यांच्या नोंदी नकाशावर मांडल्या की अँटेनाभोवतीच्या डोंगरांची बाह्यरेखा आपोआप रेखाटली जाते.

येथे कायद्याचाही विचार हवा. लहर घरात शिरते म्हणून तिच्यावरचे प्रत्येक बोलणे ऐकण्याचा अधिकार मिळत नाही. दुसऱ्याचे खासगी संभाषण चोरून ऐकणे गुन्हा आहे, आणि बिनतारी उपकरणांच्या वापराविषयी देशात जे नियम असतील ते छंदालाही लागू होतात. स्वतः लहरी सोडायच्या असतील तर परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घ्यावा लागतो, व ज्याला हा छंद मनापासून लागला आहे त्याने ती परीक्षा द्यावीच.

या उपकरणाची खरी कसोटी हायड्रोजनच्या लहरीवर लागते. विश्वात सर्वांत विपुल असलेल्या या मूलद्रव्याचा थंड अणू १४२०.४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटिमीटर लांबीची, अत्यंत क्षीण लहर सोडतो, असे डच शास्त्रज्ञ हेंड्रिक व्हान द हुल्स्ट याने १९४४ मध्ये वर्तवले होते. हार्वर्ड विद्यापीठात हॅरॉल्ड इवेन आणि एडवर्ड पर्सेल यांनी मार्च १९५१ मध्ये ती प्रथम पकडली, तीही प्लायवूडला तांब्याचा पत्रा लावून बनवलेल्या व प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवलेल्या कर्ण्याने. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण याच लहरीचा मागोवा दूरदूरच्या दीर्घिकांत घेते. आपल्या आकाशगंगेपुरते बोलायचे, तर पुठ्ठ्यावर अॅल्युमिनियमचा कागद चिकटवून केलेला कर्णा, त्याच्या मुळाशी सव्वापाच सेंटिमीटरांची तांब्याची काडी, लगेच बसवलेला कमी गोंगाटाचा वर्धक व गाळणी आणि त्यापुढे डाँगल, एवढ्यावर ती मिळते. लहर गोंगाटात पूर्ण बुडालेली असते. पण अनेक मिनिटे नमुने गोळा करून त्यांची सरासरी काढत गेले की गोंगाट आपसांत मिटतो आणि जिथे खरोखर काही आहे तिथे उंचवटा राहतो.

उंचवट्याचे स्थान वायूच्या वेगावर ठरते: आपल्या दिशेने किंवा आपल्यापासून दूर जाणाऱ्या वायूच्या वेगातील सेकंदाला दर एक किलोमीटरमागे लहर ४.७४ किलोहर्ट्झ सरकते. डाँगल एका वेळी पाहू शकतो तो २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे साधारण उणे २५० ते अधिक २५० किलोमीटर प्रतिसेकंद, आणि आकाशगंगेतील वायूचे बहुतेक वेग त्यात मावतात. साध्या स्फटिकाची दहा लाखांत पन्नास भागांची चूक इथे सेकंदाला १५ किलोमीटरांची चूक ठरते. दहा लाखांत एका भागापर्यंत अचूक असलेला स्फटिक वापरला की ती ०.३ किलोमीटरवर येते. एवढी अचूकता मिळाल्यावर पृथ्वीची स्वतःची गती हिशेबात धरावीच लागते, कारण ती सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते. पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलात असलेल्या आकाशाच्या एखाद्या भागाकडे योग्य ऋतूत एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा कर्णा रोखला, तर तोच उंचवटा २८० किलोहर्ट्झच्या आसपास सरकलेला आढळतो.